विश्लेषण : विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही जाहिराती का? त्या बंद करता येतात का?

लॅपटॉप नवा, विंडोज अस्सल, कोरलड्रॉचा परवानाही रीतसर पैसे मोजून घेतलेला. तरीही सकाळी दुकान उघडून संगणक सुरू केला की लॉक स्क्रीनवर कुठली तरी 'टिप' झळकते. स्टार्ट मेन्यूत कधीही न मागितलेल्या अ‍ॅपची 'शिफारस' असते. मधूनच 'संगणकाचे सेटअप पूर्ण करू या' असा अख्खा पडदा व्यापणारा आग्रह येतो. एवढे पार करून कामाचे सॉफ्टवेअर उघडावे, तर त्याच्या स्वागत पडद्यावर नव्या आवृत्तीची किंवा जादा साहित्याच्या खरेदीची जाहिरात हजर. पुण्यात शनिवार, नारायण, बुधवार पेठेतील डीटीपी आणि छपाईच्या दुकानांपासून घरी बसून हिशेब लिहिणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या दिवसाची सुरुवात अशी होते. फुकटच्या अ‍ॅपमध्ये जाहिरात दिसली तर कुणी तक्रार करत नाही. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर विक्रेत्याने आपला फलक लावत राहायचे, हे कितपत योग्य? आणि तो फलक काढण्याचा अधिकार कुणाचा?

हे कधी सुरू झाले?

सॉफ्टवेअर सीडीवर मिळत होते तेव्हा विक्री झाली की कंपनीचा आणि ग्राहकाचा संबंध जवळपास संपायचा. स्वागत पडद्यावर फार तर उत्पादनाचे नाव आणि आवृत्ती दिसायची. इंटरनेट कायमचे जोडलेले राहू लागले तसा हा संबंध बदलला.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच्या लॉक स्क्रीनवर 'राइज ऑफ द टूम रेडर' या गेमची जाहिरात अनेकांना दिसली आणि पहिला मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी फाइल एक्सप्लोररमध्ये, म्हणजे स्वतःच्या फायली पाहायच्या खिडकीत, वनड्राइव्हच्या सशुल्क जागेची जाहिरात आली. मार्च २०२२ मध्ये विंडोज ११च्या चाचणी आवृत्तीत फाइल एक्सप्लोररमध्ये पुन्हा एक जाहिरातपट्टी दिसली. तो प्रयोग होता, बाहेर जायला नको होता, असे सांगत मायक्रोसॉफ्टने ती काढून घेतली.

एप्रिल २०२४ मध्ये मात्र प्रयोग राहिला नाही. स्टार्ट मेन्यूच्या 'रेकमेंडेड' भागात मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील निवडक अ‍ॅप दाखवण्याची चाचणी आधी अमेरिकेतील चाचणी वापरकर्त्यांवर झाली. काही दिवसांतच, २३ एप्रिलच्या ऐच्छिक अपडेटमधून, ती सर्वसामान्यांच्या संगणकावर पोहोचली. या अ‍ॅपखाली 'प्रमोटेड' असे लिहिलेले असते, हे खरे. पण ज्या रांगेत काल उघडलेली फाइल दिसते त्याच रांगेत ते बसतात. घाईत असलेल्या माणसाचे बोट कशावर पडेल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

एकदा पैसे घेतले, मग पुन्हा जाहिरात कशासाठी?

पहिले कारण हिशेबाचे. विंडोजचे पैसे बहुतेकदा लॅपटॉपच्या किमतीतच गेलेले असतात आणि तेही एकदाच. विंडोज १० वरून ११ वर जाणे पात्र संगणकांसाठी मोफत होते. त्यामुळे पाच-सात वर्षे वापरल्या जाणाऱ्या संगणकातून कंपनीला पुन्हा पैसे हवे असतील तर ग्राहकाला वर्गणीकडे न्यावे लागते. वनड्राइव्हची मोफत जागा पाच जीबी आहे. ती भरली की 'जागा संपत आली' असा निरोप येतो आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ पुढे केले जाते. मायक्रोसॉफ्टच्या २०२४च्या आर्थिक वर्षात विंडोजचा महसूल साधारण २३ अब्ज डॉलर होता. शोध आणि बातम्यांसोबतच्या जाहिरातींचा महसूल १२ अब्ज डॉलरहून अधिक होता. हा दुसरा आकडा प्रामुख्याने बिंगसारख्या सेवांचा आहे, स्टार्ट मेन्यूचा नव्हे. पण बिंग आणि एज वापरायला लावणारे निरोप विंडोजच्याच पडद्यावर का दिसतात, याचे उत्तर त्यात आहे.

दुसरे कारण तांत्रिक, आणि त्याची चर्चा कमी होते. स्टार्ट मेन्यू किंवा स्वागत पडद्यावर जाहिरातीची जागा सॉफ्टवेअरमध्ये आधीच रिकामी सोडलेली असते. तिथे काय दिसणार हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरते. म्हणजे सॉफ्टवेअर न बदलताही आज टिप, उद्या गेम आणि परवा वर्गणीची ऑफर दाखवता येते. 'मी तर काहीच इन्स्टॉल केले नाही, मग हे आले कुठून?' या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर हेच. इंटरनेट बंद असले की यातील बऱ्याच चौकटी रिकाम्या किंवा गायब असतात, तेही यामुळेच.

तिसरा वाटेकरी लॅपटॉप बनवणारी कंपनी. नव्या लॅपटॉपवर आधीच भरून दिलेली चाचणी सॉफ्टवेअर ही तिची वरकमाई असते. हे प्रकरण किती पुढे जाऊ शकते, हे २०१५ मध्ये दिसले. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचे सॉफ्टवेअर आधीच टाकलेले होते. संकेतस्थळांवर जाहिराती घुसवण्यासाठी ते सुरक्षित जोडणीतही हात घालत असे. त्यामुळे बँकेच्या व्यवहारांपर्यंत धोका पोहोचला. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेचा फेडरल ट्रेड कमिशन आणि ३२ राज्यांशी लेनोवोने तडजोड केली, राज्यांना ३५ लाख डॉलर देण्याचे ठरले. जाहिरातीचा त्रास आणि सुरक्षेचा धोका यांच्यातील अंतर वाटते तेवढे मोठे नसते.

प्रत्येक निरोप जाहिरातच असतो का?

नाही, आणि इथे सरसकट राग काढून चालत नाही. सुरक्षा अपडेट बाकी आहे, अँटिव्हायरसचा परवाना आठ दिवसांत संपतो आहे, डिस्क भरत आली आहे, हे सांगणे सॉफ्टवेअरचे कामच आहे. पुण्यात क्विक हीलसारखी अँटिव्हायरस कंपनी वाढली, त्यामुळे परवाना संपल्याचा लाल निरोप इथल्या दुकानदारांना नवा नाही. घोटाळा तिथे होतो, जिथे विक्रीचा निरोप इशाऱ्याचा वेष घेतो. 'तुमचा संगणक पूर्ण सुरक्षित नाही' असे म्हणून खाली वर्गणीचे बटण. किंवा दोनच पर्याय, 'आता करा' आणि 'तीन दिवसांनी आठवण करा'. 'नको' हा शब्दच नाही.

मोफत सॉफ्टवेअरही याला पूर्ण अपवाद नाही. लिबरऑफिस अधूनमधून देणगीची पट्टी दाखवते. फरक इतकाच की त्याचे पैसे कुणी आधी घेतलेले नसतात.

कंपन्यांच्या संगणकांवर हे का दिसत नाही?

हिंजवडी किंवा खराडीतील आयटी कंपनीने दिलेला लॅपटॉप आणि त्याच कर्मचाऱ्याच्या घरचा लॅपटॉप शेजारी ठेवले तर हा फरक डोळ्यांत भरतो. विंडोजमध्ये 'टर्न ऑफ मायक्रोसॉफ्ट कन्झ्युमर एक्स्पीरियन्सेस' नावाचे धोरण आहे. ते लावले की शिफारशी आणि आपोआप येणारी अ‍ॅप थांबतात. पण २०१६ मधील बदलानंतर ते फक्त एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत चालते. होम आवृत्तीत नाही. त्याहून महाग असलेल्या प्रो आवृत्तीतही नाही. एप्रिल २०२४ची स्टार्ट मेन्यूची चाचणी जाहीर करतानाही संस्थांच्या ताब्यातील संगणक त्यातून वगळल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते.

याचा अर्थ स्वच्छ पडदा देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो कुणाला द्यायचा, हा व्यापारी निर्णय आहे. शेकडो परवाने घेणारी कंपनी करार करताना अट घालू शकते. सदाशिव पेठेतला एकटा अनुवादक ती घालू शकत नाही.

भूगोलानेही फरक पडतो. युरोपीय महासंघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोजला 'गेटकीपर' सेवा ठरवण्यात आले. त्याचे पालन मार्च २०२४ पासून बंधनकारक झाले. तेव्हापासून तिथल्या वापरकर्त्यांना विंडोजमधून एज ब्राउझर काढून टाकता येतो. विंडोज १०ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हाही हेच दिसले. आणखी वर्षभर सुरक्षा अपडेट हवी असेल तर इतरत्र तीन वाटा होत्या. एक, मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू करायचा. दुसरी, कंपनीच्या बक्षीस योजनेतील एक हजार गुण द्यायचे. तिसरी, ३० डॉलर भरायचे. युरोपीय आर्थिक क्षेत्रात मात्र बॅकअपची अट काढावी लागली. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत राहिले की पुरे. सॉफ्टवेअर तेच आहे, फक्त कायदा वेगळा आहे.

कोरलड्रॉ, फोटोशॉपचे काय?

पुण्यातील लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि गणेशोत्सवाच्या अहवालांची दुनिया अजूनही बऱ्याच अंशी कोरलड्रॉवर चालते. जोडीला पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी असते. कॅनडातील ओटावाच्या कोरल कंपनीने कोरलड्रॉ १९८९ मध्ये बाजारात आणले. २०१९ मध्ये ही कंपनी केकेआर या गुंतवणूक संस्थेकडे गेली. या काळात स्वागत पडदा केवळ 'नवीन फाइल' आणि 'जुनी फाइल' इतका राहिला नाही. तिथे जादा ब्रश, फाँट, टेम्प्लेट यांची 'गेट मोअर' ही खरेदीची जागा आली, नव्या आवृत्तीचे निरोप आले.

यात एक विचित्र उलटा न्याय आहे. बीएसए या सॉफ्टवेअर उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातील संगणकांवरचे ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. चोरीची प्रत वापरणारा पकडले जाऊ नये म्हणून त्या सॉफ्टवेअरचे इंटरनेटच फायरवॉलमध्ये तोडून टाकतो. साहजिकच त्याला जाहिरात दिसत नाही. दिसते ती बिल घेऊन, परवाना नोंदवून, अपडेट चालू ठेवणाऱ्याला. प्रामाणिक ग्राहकाला अशी वागणूक मिळाली की 'मग पैसे कशाला भरायचे?' हा पेठेतला युक्तिवाद आणखी पक्का होतो. मात्र चोरीच्या प्रतीसोबत येणारे 'क्रॅक' हे व्हायरस पसरण्याचे जुने साधन आहे. जाहिरात टाळण्याच्या नादात तो रस्ता धरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

जाहिराती बंद कशा करायच्या?

विंडोज ११ मध्ये एकच मुख्य बटण नाही. सहा-सात ठिकाणी फिरावे लागते. पण काम दहा मिनिटांचे आहे आणि कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

सुरुवात सेटिंग्जमधील पर्सनलायझेशनपासून करावी. तिथे 'स्टार्ट' उघडून 'शो रेकमेंडेशन्स फॉर टिप्स' या शब्दांनी सुरू होणारा पर्याय बंद केला की स्टार्ट मेन्यूतील प्रमोटेड अ‍ॅप जातात. अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी तशीच राहते. त्याच पर्सनलायझेशनमध्ये 'लॉक स्क्रीन'वर जाऊन 'विंडोज स्पॉटलाइट'ऐवजी 'पिक्चर' निवडावे आणि खालची 'फन फॅक्ट्स, टिप्स, ट्रिक्स'ची खूण काढावी. स्पॉटलाइट निवडलेले असेपर्यंत ही खूण काढता येत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा. तिथल्याच 'डिव्हाइस युसेज'मधील सर्व पर्यायही बंद ठेवावेत.

पूर्ण पडदा व्यापणारा 'सेटअप पूर्ण करा' हा आग्रह सर्वाधिक छळतो आणि त्याचे बटण सर्वांत खोल दडलेले आहे. सिस्टीम, मग नोटिफिकेशन्स, आणि पान अगदी तळापर्यंत सरकवल्यावर 'अ‍ॅडिशनल सेटिंग्ज'. तिथे अपडेटनंतरचा स्वागत पडदा, 'सजेस्ट वेज टू गेट द मोस्ट आउट ऑफ विंडोज' आणि टिप्स अशा तीन खुणा असतात. तिन्ही काढाव्यात. फाइल एक्सप्लोररमध्ये तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स', मग 'व्ह्यू' आणि यादीतील 'शो सिंक प्रोव्हायडर नोटिफिकेशन्स'ची खूण काढली की वनड्राइव्हच्या पट्ट्या थांबतात. वनड्राइव्ह वापरत असाल तर मात्र सिंकसंबंधी काही उपयोगी निरोपही त्यासोबत जाऊ शकतात.

प्रायव्हसी विभागात 'अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' बंद करण्याचा पर्याय आहे. तो जरूर बंद करावा, पण त्याने जाहिराती कमी होत नाहीत. त्या फक्त तुमच्या वापरावर बेतलेल्या राहत नाहीत. अनेक जण इथे थांबतात आणि 'बंद करूनही येतातच' म्हणून वैतागतात.

कोरलड्रॉमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'जनरल' या वाटेने 'स्टार्ट-अप'चा पर्याय मिळतो. तिथे स्वागत पडद्याऐवजी नवे डॉक्युमेंट किंवा काहीच नको असे निवडता येते. आवृत्तीनुसार नावे थोडी बदलतात. फोटोशॉपमध्ये 'प्रेफरन्सेस'मधील 'जनरल'खाली 'ऑटो शो द होम स्क्रीन'ची खूण काढावी. अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउड अ‍ॅपच्या प्रेफरन्सेसमध्ये नोटिफिकेशन्सही वेगळ्याने बंद करता येतात.

यात एक तडजोड आहेच. स्वागत पडदा बंद केला की जाहिरातीसोबत अलीकडच्या फायलींची सोयही जाते. दोन्ही एकाच चौकटीत ठेवण्यामागे हाच हिशेब असावा, असे वाटण्यास जागा आहे.

'एका क्लिकमध्ये स्वच्छ विंडोज' वापरावे का?

जपून. विंडोजमधील नको त्या गोष्टी काढून टाकणाऱ्या स्क्रिप्ट अनेक आहेत, काही चांगल्या आणि खुल्याही आहेत. पण ज्या स्क्रिप्टला अ‍ॅडमिनचे अधिकार द्यायचे, ती काय करते हे वाचता येत नसेल तर ती चालवू नये. काही स्क्रिप्ट जाहिरातींबरोबर विंडोज अपडेट आणि डिफेंडरही बंद करतात. दुकानातील हिशेब आणि ग्राहकांच्या फायली असलेल्या संगणकावर हा सौदा तोट्याचा आहे. हार्डवेअर दुरुस्ती करणाऱ्याकडून असे काही करून घ्यायचे असेल, तर आधी बॅकअप घ्यावा आणि नेमके काय बंद केले ते लिहून मागावे.

दुसरी अडचण अपडेटची. मोठ्या वार्षिक अपडेटनंतर नवी बटणे येतात आणि ती बहुधा चालूच असतात. त्यामुळे वर्षातून एकदा हा फेरा पुन्हा मारावा लागतो.

भारतातील कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला फसवून किंवा भाग पाडून हवे ते करून घेणाऱ्या १३ क्लृप्त्या त्यात नोंदवल्या आहेत. त्यांपैकी दोन या विषयाला थेट लागू पडतात. एक 'नॅगिंग', म्हणजे व्यापारी लाभासाठी त्याच त्या विनंत्या आणि व्यत्यय आणून वापरकर्त्याला हैराण करणे. 'नको' म्हणण्याची सोय न देता वारंवार परवानगी मागणे हे त्याचेच उदाहरण म्हणून दिलेले आहे. दुसरी 'छुपी जाहिरात', म्हणजे बाकीच्या मजकुरात मिसळून जाईल अशी जाहिरात करणे. ही तत्त्वे भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सर्व प्लॅटफॉर्मना लागू आहेत.

कागदावर हे भक्कम आहे. पण तत्त्वांमधील उदाहरणे प्रामुख्याने ऑनलाइन खरेदी आणि अ‍ॅपभोवती फिरतात. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करा, असे सांगितले तेही ई-कॉमर्स कंपन्यांना. या तत्त्वांत स्वतंत्र दंडाची तरतूद नाही. त्यासाठी मूळ कायद्याकडे जावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. स्टार्ट मेन्यूतील 'प्रमोटेड' असे लिहिलेली चौकट दिशाभूल ठरते का, हा वादाचा मुद्दा राहील. 'नको' हा पर्यायच न देणाऱ्या पूर्ण पडद्याच्या आग्रहाबाबत ग्राहकाची बाजू अधिक मजबूत दिसते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट घालून दर वाढवताना जुन्या दरातील 'क्लासिक' योजना अस्तित्वात असल्याचे ग्राहकांना नीट सांगितले नाही, असा आरोप आहे. तो करत तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले. प्रश्न सुमारे २७ लाख ग्राहकांचा होता. काही दिवसांतच कंपनीने माफी मागून परताव्याचा पर्याय दिला.

पुण्यातल्या ग्राहकाने तक्रार कुठे करावी?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे कंपनीचे कार्यालय बेंगळुरूत की अमेरिकेत, याने अडत नाही. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. ग्राहक चळवळीच्या अखिल भारतीय ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये पुण्यातच झाली. त्यामुळे मार्गदर्शनासाठी फार लांब जावे लागत नाही.

डीटीपीवाल्यांना एक शंका हमखास असते. 'सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतले, मग आपण ग्राहक कसे?' व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी कायद्यातून वगळलेली आहे, हे खरे. पण स्वयंरोजगारातून केवळ आपला उदरनिर्वाह चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. एकट्याने दुकान चालवणारा डिझायनर इथे ग्राहक ठरू शकतो, दहा ऑपरेटर ठेवणाऱ्या प्रेसला मात्र ते सिद्ध करणे कठीण जाईल. तक्रारीसोबत परवान्याचे बिल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि जाहिरात दिसली त्या क्षणाचे तारीख-वेळ दिसणारे स्क्रीनशॉट हवेत. बंद करण्याचा पर्याय निवडल्यानंतरही जाहिरात परत आली असेल, तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही जोडावेत. जाहिरात सर्व्हरवरून बदलत असल्याने आज दिसलेली चौकट उद्या दाखवता येईलच असे नाही.